आपले पाणी कोणते?

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव, हा क्रम वारकऱ्याच्या घरातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतो. पण तोंडपाठ झालेल्या गोष्टीकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. क्षीरसागराच्या काठी शिवाने शक्तीच्या कानी जे सांगितले, ते लाटांमध्ये मकराच्या, म्हणजे एका मोठ्या जलचराच्या, पोटी गुप्त असलेल्या मत्स्येंद्रनाथांच्या हाती लागले, आणि तेच पुढे हातोहात निवृत्तिनाथांपर्यंत आले, असे माउली सांगतात. म्हणजे आपल्या संप्रदायाचे मूळ धन समुद्रातल्या माशाच्या पोटातून आलेले आहे.

आणि त्या मच्छिंद्रनाथांची समाधी कोठे? तर आमच्या बीड जिल्ह्यात. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंब्याच्या डोंगरावर. त्यांच्या परंपरेतले गहिनीनाथ तेही पाटोदा तालुक्यातल्या गडावर. हा मुलूख कसा आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. जनावरांसाठी छावणी आणि माणसांसाठी टँकर, हे इथल्या उन्हाळ्याचे नित्याचे चित्र. समुद्र येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. गंमत अशी की जवळचा समुद्र पश्चिमेचा, पण आमचे पाणी तिकडे जातच नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, मांजराही फिरून गोदावरीलाच, आणि आष्टीकडची सीना भीमेला. सगळे पाणी पूर्वेच्या समुद्राला. अशा कोरड्या माथ्यावर माशाच्या पोटातला योगी येऊन बसला, आणि त्याला येथे कोणी परका म्हटले नाही. यात्रा भरते, लोक दर्शनाला जातात. समुद्राचा आणि या डोंगराचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

हे सारे मनात येण्यास एक मासा कारण झाला. त्याची हकीकत अशी.

२०१९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, एक भला मोठा मासा मरून वाळूत येऊन पडला. लांबी सुमारे सात फूट. आकार विलक्षण, जणू धडच पोहते आहे. शेपटीच्या जागी नुसती झालर. या जातीच्या माशांस इंग्रजीत सूर्यमासा म्हणतात, आणि शास्त्रातले त्यांचे नाव आहे मोला. मोला हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ जात्याचा दगड! जनाबाईच्या जात्याशी ज्यांचा जन्माचा संबंध, त्या आम्हां वारकऱ्यांस हे नाव परके वाटू नये. असो. तर तेथल्या लोकांनी पाहिले आणि म्हटले, हा आपल्याकडचा नेहमीचा सूर्यमासा. पण छायाचित्रे ऑस्ट्रेलियाकडच्या जाणकारांपर्यंत पोहोचली, आणखी जवळून काढलेली चित्रे मागविली गेली, अंगाची ठेवण तपासली गेली, आणि ठरले की हा तो नव्हेच. याचे नाव मोला टेक्टा. टेक्टा म्हणजे लपलेला, झाकलेला.

हे नाव त्याला का मिळाले, तेही ऐकण्यासारखे आहे. मारियान नीगार्ड या संशोधक बाईंनी माशांच्या कातडीच्या तुकड्यांवरून ओळखले होते की ज्यांना आपण सूर्यमासे म्हणतो त्यांत एक वेगळीच जात मिसळलेली आहे. पण ती जात दिसते कशी, हे कोणास ठाऊक नव्हते. २०१४ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर असे मासे सापडले आणि त्यांचा चेहरामोहरा कळला. २०१७ साली त्याला नाव दिले गेले. इतका मोठा प्राणी शेकडो वर्षे माणसांच्या डोळ्यांसमोर होता. लोक त्याला पाहत होते, पकडत होते, आणि दुसऱ्याच्याच नावाने हाक मारीत होते. समुद्राच्या पाण्याने त्याला लपविले नव्हते; पाहणाऱ्यांना आपण ओळखले असे वाटले आणि त्या वाटण्याखाली तो झाकला गेला. माउलींनी मत्स्येंद्रनाथांविषयी गुप्त असाच शब्द वापरला आहे, याची आम्हांस येथे आठवण झाली.

हा मासा पृथ्वीच्या दक्षिण अर्धात राहणारा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, चिली, अशा थंडसर पाण्यात त्याची वस्ती सांगितलेली. मधले विषुववृत्ताचे ऊन पाणी त्याला मानवत नाही. मग तो उत्तरेस कॅलिफोर्नियात आला कसा? सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: वाट चुकला.

या शब्दापाशीच आम्ही अडखळलो. वाट चुकला असे म्हणावयास त्याची वाट आपणांस ठाऊक पाहिजे. ठाऊक होती ती किती? अवघ्या दोन वर्षांची! २०१७ साली नाव दिले, नकाशावर त्याची हद्द आखली आणि २०१९ साली तो हद्दीबाहेर दिसला म्हणून चुकला ठरला. पुढे शोध घेता आठवले की १८८९ सालीसुद्धा असा एक मासा नेदरलँड्सच्या किनाऱ्याला, म्हणजे उत्तरेतच, लागला होता. पुढे २०२४ सालच्या जूनमध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात गिअरहार्ट येथे आणखी एक, सात फुटांहून मोठा, किनाऱ्यावर आला. आता जाणते म्हणू लागले आहेत की हा मासा तिकडे पूर्वीपासूनच थोडाफार येत असावा आणि लोक त्याला दुसराच समजून सोडून देत असावेत. मग चुकले कोण? निदान शास्त्रज्ञांचे एक कौतुक केले पाहिजे. मासा नकाशात बसला नाही तेव्हा त्यांनी नकाशा खोडला. आपण माणसांच्या बाबतीत नकाशा तसाच ठेवतो आणि माणसाला खोडतो.

येथे एखादा अभ्यासू टाळकरी आम्हांस अडवील. तो म्हणेल, महाराज, माउलींनीच अठराव्या अध्यायात दृष्टांत दिला आहे ना? तूप हे पाण्याहून गुणाने कितीही थोर असो, माशाला त्यात राहता येत नाही. ज्याचे त्याचे पाणी ठरलेले. आपले सोडून दुसऱ्याच्या जागी गेला की नाश. मग तुम्ही हद्दी पुसायला कसे निघालात?

आक्षेप चांगला आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. तो मासा वाळूत मेलाच होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. प्रत्येक जीवाला त्याचे म्हणून एक पाणी असते आणि ते सुटले की त्याची तळमळ होते, हे खरेच. परंतु माउलींचा दृष्टांत नीट वाचावा. तेथे माशाला त्याच्या प्रकृतीला मानवेल असे पाणी हवे, एवढेच म्हटले आहे. कोणत्या तळ्याचे, कोणत्या शिवाराचे, असे म्हटलेले नाही. स्वधर्म हा जीवाच्या आतून ठरतो. बाहेरून दुसऱ्याने काठी मारून तू येथलाच, येथून हलू नकोस, असे सांगणे याला स्वधर्म म्हणत नाहीत. ज्यांनी हा दृष्टांत दिला त्या भावंडांना आळंदीने काय सांगितले होते? तुम्ही संन्याशाची पोरे, तुमची जागा गावात नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत जावे लागले. तूप-पाण्याचा दृष्टांत देणाऱ्याला गावाच्या हद्दीचा अर्थ चांगला ठाऊक होता.

जीवाची ओढ कोठवर नेते, याचा दाखला दूर जाऊन शोधावयास नको. तो आपल्या कोकणातच घडला आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी हजारो कासविणी अंडी घालण्यास येतात. त्यांतील एकीच्या पायाला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी २०२१ साली खुणेचा बिल्ला लावला, क्रमांक ०३२३३. पूर्वेची कासवे पूर्वेची आणि पश्चिमेची पश्चिमेची, असा समज होता. ही बाई २०२५ सालच्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांचा पल्ला! तिला वाट चुकली असे कोण म्हणेल? रात्री वर आली, खड्डा केला, अंडी घातली, वाळू सारखी केली आणि पाण्यात गेली. जिने काम पुरे केले तिची वाट बरोबरच होती. आपल्या सभामंडपात देवासमोर कासव असते, त्याला पाय लागू नये म्हणून आपण जपून चालतो. गुहागरच्या लोकांनीही तिच्या अंड्यांना तसेच जपले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे अर्धवट राहील. परठिकाणचा प्रत्येक मासा आला तो चांगलाच, असेही नाही. आमच्या चंद्रभागेचेच उदाहरण घ्या. वरती उजनीचे धरण आहे, तेथील जलाशयात आज मुबलक मिळते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. १९५२ साली तिची एक जात भारतात आणली गेली. वाढ लवकर, खाणे काहीही, स्वस्तात पोट भरेल, हा हेतू. ती वाढली खरी, पण इतकी वाढली की नद्यांतल्या मूळच्या माशांना जागा उरेना. भीमेकाठचे जुने कोळी ज्या माशांची नावे घेत, त्यांतले कितीतरी आता जाळ्यात येत नाहीत. मग चिलापीला शिव्या द्याव्या काय? तिने काय केले? तिला पाण्यात सोडले, ती जगली. ती पोहत आलेली नाही. तिला डब्यात घालून, माणसाने, आपल्या लाभासाठी आणले.

येथे आम्हांस वाटते की परका जीव दिसताच आपण जो पहिला प्रश्न विचारतो तोच अपुरा आहे. आपण विचारतो, कुठला? त्याऐवजी विचारावे, आणला कोणी? कासवीण आपल्या ओढीने आली. तो जात्यासारखा मासा प्रवाहाने आला की आपल्या मनाने, याचा विचार शास्त्रज्ञ करीत आहेत. चिलापी मात्र आणलेली आहे. तिघेही नकाशाबाहेरचे; पण तिघांचा हिशेब एका वहीत लिहिता येत नाही. कुठला या प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपण मोकळे होतो आणि परक्याला परका म्हणून पुढे जातो. आणला कोणी असे विचारले तर उत्तर कधी कधी आपल्याच दारात येऊन उभे राहते.

सज्जनहो, माशांविषयी इतके लिहिण्याचे कारण आता सांगतो. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, डोंगरपट्ट्यातले कोणतेही गाव घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती लग्नात, आजारात किंवा गेल्या सालच्या देण्यात संपलेली असते. मग नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. होय, माणसे मोजताना कोयते मोजतात. भांडी, पीठमीठ, कोंबडी, शेळी आणि पोरे ट्रॅक्टरमध्ये घालून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कर्नाटक, जिथला कारखाना तिथे जायचे. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी. पहाटे अंधारात तोडणी सुरू, रात्री गाडी आली तर रात्री भरणी. मार्च-एप्रिलपर्यंत हेच. बाईने आजारी पडले तर त्या दिवसाचा खाडा. या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली. जिथे जातात तेथे त्यांना गाव नसते, मतदार म्हणून नाव नसते, पोराच्या शाळेत हजेरी नसते. तिथल्या माणसाला ते दिसतात ते ऊसतोडे एवढेच. सूर्यमाशासारखे, रोज दिसतात आणि रोज दुसऱ्याच नावाने.

आणि आम्ही काय करतो? आम्ही कीर्तनात पाण्याविना तळमळणाऱ्या मासोळीचा दृष्टांत देतो. दृष्टांत गोड आहे, आम्हीही तो देतो. देवाच्या भेटीविना जीव असा तळमळतो, हे त्यातून कळते. परंतु इतकी वर्षे दृष्टांत देताना समोरच्या मासोळीला उचलून पाण्यात सोडावे, हे दृष्टांत सांगणाऱ्याला सुचू नये, हे विचित्र नाही काय? मासोळी तडफडते ती आमच्या विरहाचे चित्र पुरे करण्यासाठी नव्हे. तिला पाणी हवे असते.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. देवाने जसे ठेवले तसे समाधानाने राहावे, ही संतांची शिकवण. फडावरून परत आलेल्या एखाद्या बाईने सप्ताहात बसून ही शिकवण ऐकली, तर तिने ती कशी घ्यावी? आमचे स्पष्ट मत असे की हे वचन ज्याचे दुःख त्याने स्वतःस सांगावयाचे आहे. स्वतःच्या दुःखाला लावले तर ते औषध होते. दुसऱ्याच्या दुःखाला लावले, आणि तेही आपल्या चहात त्याच उसाची साखर घालून लावले, तर तो निव्वळ कोरडेपणा. चिलापीला कोणी आणले हे जसे विचारता येते तसेच या माणसांना फडात कोणी नेले हेही विचारता येते. उचलीचा व्याजबट्टा कोणी ठरवला, पोटखराब जमिनीला पाणी का मिळाले नाही, धरणे कोठे झाली आणि कालवे कोठे गेले, या प्रश्नांची उत्तरे देवाच्या नावावर घालता येत नाहीत. पांडुरंगाने त्यांना फडात ठेवले असे म्हणणे म्हणजे मुकादमाच्या वहीवर पांडुरंगाची सही करणे होय.

वारकरीही घर सोडतो, तोही परमुलखात जातो, उघड्यावर निजतो, हे कोणी सांगेल. खरे आहे. पण वारीला जाणारा ओढीने जातो आणि पंढरी त्याला माहेर वाटते. त्याच्या पाठीशी उचल नसते. दोघांचे पाय सारखेच फुटत असले तरी दोघांचे जाणे एक नव्हे. वारीच्या कष्टांचे कौतुक करून फडाच्या कष्टांवर पांघरूण घालू नये, एवढे आम्हांस म्हणावयाचे आहे.

पैठणच्या नाथांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड भरून रामेश्वराला निघाले असता वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. सोबतच्यांना वाटले, हे पाणी देवाचे. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात घातले. या गोष्टीत आपण नाथांचे मोठेपण पाहतो, रामेश्वर तेथेच पावला असे म्हणतो. आम्हांस त्यातली एक बारीक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हे गाढव कोणाचे, या वाळूत आलेच कशाला, मालकाने का सोडले, असली चौकशी करीत नाथ उभे राहिले नाहीत. प्राण कंठाशी आलेल्या जीवाला आधी पाणी. चौकशी नंतर. आम्ही वर आणला कोणी असे विचारा म्हटले, ते याच्या नंतरचे. दोन्ही केले पाहिजे. नुसते पाणी पाजून चौकशी सोडली तर पुढच्या वर्षी तेच गाढव तेथेच पडलेले सापडेल. आणि नुसती चौकशी करीत बसलो तर कावड भरलेली राहील.

पांडुरंगाच्या कानांत मकरकुंडले आहेत. त्यांविषयी लोक एक कथा सांगतात. एक कोळी देवाच्या भेटीला आला, त्याच्यापाशी देण्यास मासेच होते. मंदिरात मासे कसले म्हणून त्याला दारातच अडविले, तेव्हा देवाने ते मासे आपल्या कानांत घातले. देवळाच्या नकाशात न बसणारी वस्तू देवाने अंगावर घेतली. तिला सोन्याची झळाळी पुढे आली, आधी ती दाराबाहेर ठेवलेलीच होती.

कार्तिकी एकादशी आणि उसाचा हंगाम एकाच सुमारास येतात. बीडकडून जाणाऱ्या रस्त्यांवर त्या दिवसांत एकीकडून पताका घेतलेल्या दिंड्या चाललेल्या असतात, आणि त्याच रस्त्याने बिऱ्हाडे भरलेले ट्रॅक्टर पुढे निघून जातात. वरच्या गाठोड्यांवर पोरे बसलेली असतात, ती टाळांच्या आवाजाने वळून बघतात. दिंडीचालकांस आमची एक विनंती आहे. मुक्कामाच्या गावी पंगत बसण्याआधी रस्त्याच्या कडेला असा ट्रॅक्टर थांबलेला दिसला, तर एक माणूस पाठवून त्या मंडळींना जेवावयास बोलवावे. जेवण झाल्यावर शेजारी बसून विचारावे, कोणत्या कारखान्याला निघालात, उचल किती आणि कशापायी घेतली, मोठी मुलगी शाळेत ठेवली की सोबत आणली. लिहिता येणारा वारकरी असेल त्याने ते वहीत टिपून घ्यावे, आणि हंगाम संपून माणसे परत येतील तेव्हा चैत्रात त्यांच्या गावी जाऊन पुन्हा विचारपूस करावी.